शंभर वॉटचा ठोकताळा: नवशिक्यांच्या विमान-मार्गदर्शिका कशा वाचाव्यात

इलेक्ट्रिक मोटरवर उडणारं छोटं रिमोटचं विमान स्वतः बांधायचं ठरवलंत, की पहिल्या तासाभरातच तुम्हाला काही सल्ले भेटतात. वजनाच्या दर पाउंडामागे १०० वॉट घ्या. गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या एक तृतीयांशावर ठेवा. प्रोपेलरचा थ्रस्ट वजनाच्या निम्म्याहून जास्त हवा. आणि विमान फोमबोर्डचं करा, स्वस्त पडतं. नवशिक्यांसाठीची कुठलीही मार्गदर्शिका उघडा, पुस्तक असो की व्हिडिओ, यातले दोन-तीन सल्ले तुम्हाला हमखास सापडतील.

या लेखात मला या मार्गदर्शिकांची समीक्षा करायची आहे. त्या वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. त्यांच्यामुळे हजारो लोकांची विमानं उडाली आहेत. आक्षेप एवढाच आहे की त्या आकडा देतात आणि तो आकडा कुठल्या अटीवर खरा आहे ते गाळून टाकतात.

तुम्ही म्हणाल, संशोधनाच्या ब्लॉगवर विमानं कशाला? कारण पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात तुम्हाला असेच आकडे भेटणार आहेत. ‘नमुना ३० चा असला की पुरे.’ ‘पी ०.०५ च्या खाली आला की झालं.’ ‘आपल्या लॅबमध्ये बफर असाच करतात.’ सांगणारे सीनियर प्रेमानं सांगतात, आकडे बहुतेक वेळा चालतातही. ते कुठे चालत नाहीत हे मात्र दोन वर्षांनी, शोधनिबंध परत आल्यावर कळतं. विमानाचं तसं नाही. ते दहा सेकंदांत उत्तर देतं, आणि चुकलं तर साधारण एका महिन्याच्या मेसचे पैसे जातात. ठोकताळ्यांची उलटतपासणी शिकायला इतकी स्वस्त जागा शोधून सापडणार नाही.

आधी श्रेय

१९५७ च्या ३० जूनला इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ हे विमान सिल्व्हर-झिंक बॅटरीवर उडवलं. इलेक्ट्रिक रेडिओ-नियंत्रित उड्डाणाची पहिली अधिकृत नोंद म्हणून ते ओळखलं जातं. त्यानंतर कित्येक वर्षं हा छंद बॅटरीच्या वजनापाशी अडून राहिला. लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या आणि ब्रशलेस मोटर स्वस्त झाल्या, तेव्हा तो विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आला.

फोमबोर्ड कापून, दुमडून, गरम गोंदानं चिकटवून विमान करायची पद्धत लोकप्रिय करण्यात २०१० मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘फ्लाइट टेस्ट’चा मोठा वाटा आहे. त्यांचे आराखडे फुकट मिळतात. त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मला संशोधक म्हणून फार आवडते. मोटर, स्पीड कंट्रोलर आणि प्रोपेलर एका छोट्या खोक्यावर बसवायचे आणि ते खोकं दोन काड्यांनी विमानाच्या नाकात अडकवायचं. एक विमान मोडलं की तेच खोकं दुसऱ्यात. यात पैसे वाचतात हे झालंच, शिवाय तुम्ही दोन विमानांची तुलना करता तेव्हा मोटरची बाजू तीच राहते आणि फक्त विमान बदलतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, हा प्रयोगाचा पहिला धडा इथे कुणीही न शिकवता मिळतो. श्रेय द्यायलाच हवं.

पाउंडामागे १०० वॉट

आता आकड्यांकडे. एक ठरावीक विमान डोळ्यांसमोर ठेवू: वजन ८०० ग्रॅम, पंखाची लांबी १.२ मीटर, रुंदी २० सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ०.२४ चौरस मीटर. उन्हाळ्यातल्या पुण्यात हवेची घनता घनमीटरला साधारण १.०९ किलो धरता येते. पंखाचा कमाल लिफ्ट-गुणांक १.१ धरला, तर हे विमान सेकंदाला ७.४ मीटरच्या खाली स्टॉल होतं. आरामात उडायला त्याच्या दीडपट, म्हणजे ११ मीटर धरू.

सरळ उडताना ड्रॅग वजनाच्या सहाव्या भागाइतका असेल असं मानू. फोमच्या चौकोनी विमानासाठी हे बरंच न्याय्य गृहीतक आहे. वजन ७.८५ न्यूटन, ड्रॅग १.३ न्यूटन, वेग ११, म्हणजे हवेला द्यायची उपयोगी शक्ती साधारण १४ वॉट. पण बॅटरीतून निघालेली सगळी शक्ती हवेपर्यंत पोचत नाही. मोटर तापते, स्पीड कंट्रोलर तापतो, प्रोपेलर हवा घुसळतो. एकूण कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर बॅटरीतून ३६ वॉट लागतात. त्यात सेकंदाला ३ मीटर चढायचं असेल, तर आणखी २३.५ वॉट उपयोगी शक्ती हवी, आणि मग बॅटरीवरची एकूण मागणी ९५ वॉटच्या घरात जाते.

आता ठोकताळा लावा. पाउंडामागे १०० वॉट म्हणजे किलोला २२० वॉट, म्हणजे आपल्या विमानाला १७६ वॉट. त्यात हे विमान ढोबळमानानं ४० अंशांत वर चढेल. शिकाऊ माणसाला याची गरज नसते. बऱ्याच मार्गदर्शिका शिकाऊ विमानाला पाउंडामागे ५० ते ८० वॉट पुरे असं सांगतात. त्यातल्या ५० चा हिशोब केलात तर ८८ वॉट येतात, म्हणजे आपण मांडलेल्या उत्तराच्या अगदी जवळ. ठोकताळा असा हवेतून आलेला नाही. त्यामागे भौतिकशास्त्र आहे.

मग तक्रार काय? हे वॉट कुठे मोजतात ते बघा. वॉटमीटर बॅटरी आणि स्पीड कंट्रोलर यांच्या मधे लावतात, म्हणजे तो आत जाणारी शक्ती मोजतो. बाहेर काय आलं ते त्याला दिसत नाही. समजा तुम्ही मोटरला न शोभणारा प्रोपेलर लावला आणि एकूण कार्यक्षमता ४० वरून २५ टक्क्यांवर आली. मीटरवर तेच ९५ वॉट. पण चढण्याचा वेग ३ मीटरवरून १.२ मीटरवर येतो. उरलेले वॉट मोटर तापवण्यात आणि हवा घुसळण्यात जातात. ठोकताळ्याच्या नजरेत मात्र दोन्ही विमानं सारखीच.

याहून वाईट म्हणजे, ठोकताळा चुकीच्या दिशेला बक्षीस देतो. प्रोपेलरला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाप्रमाणे आणि, पिच तोच ठेवला तर, व्यासाच्या साधारण चौथ्या घाताप्रमाणे वाढते. ८ इंची काढून १० इंची लावलात, तर त्याच फेऱ्यांना जवळजवळ अडीचपट शक्ती लागेल. प्रत्यक्षात फेऱ्या थोड्या कमी होतील, पण मीटरवरचा आकडा जोरात वाढेल. ‘शंभर वॉट गाठले!’ म्हणून तुम्ही खूश, आणि मोटरच्या तारांवरचं इन्सुलेशन वितळायला लागलेलं.

संशोधनात याचं भावंड तुम्ही रोज पाहाल. किती निधी मिळाला, किती तास लॅबमध्ये बसलो, किती नमुने गोळा केले, हे सगळे आत जाणारे वॉट आहेत. ते मोजायला सोपे म्हणून मोजले जातात. चूक मोजण्यात नाही. कार्यक्षमता ठरावीकच असणार, हे न सांगता गृहीत धरण्यात आहे.

एक तृतीयांशाचा नियम

‘गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून एक तृतीयांशावर.’ आपल्या विमानात म्हणजे ६६ मिलिमीटरवर. हा सल्ला बहुतेक वेळा चालतो. का चालतो?

विमान स्थिर राहायला गुरुत्वमध्य तटस्थ बिंदूच्या पुढे असावा लागतो. नुसत्या पंखाचा तटस्थ बिंदू रुंदीच्या साधारण २५ टक्क्यांवर असतो. शेपूट त्याला मागे सरकवते. किती मागे, हे शेपटीचं क्षेत्रफळ आणि पंखापासूनचं अंतर यांच्यावर ठरतं. आपल्या विमानाला ४०० चौरस सेंटिमीटरची आडवी शेपूट ५४ सेंटिमीटर मागे लावली, तर तटस्थ बिंदू ढोबळ हिशोबानं ४५ टक्क्यांच्या आसपास जातो. गुरुत्वमध्य ३३ वर, म्हणजे १२ टक्के शिल्लक. विमान शांतपणे उडतं.

आता दिसायला छान म्हणून शेपूट निम्मी केलीत. तटस्थ बिंदू ३५ टक्क्यांवर आला. गुरुत्वमध्य नियमाप्रमाणे ३३ वरच आहे, पण शिल्लक उरली २ टक्के, म्हणजे ४ मिलिमीटर. ८०० ग्रॅमच्या विमानात १८० ग्रॅमची बॅटरी जेमतेम १८ मिलिमीटर मागे सरकली की ही शिल्लक संपते. वेल्क्रो सैल पडायला तेवढं पुरतं.

आणि शेपूटच नसलेलं विमान, म्हणजे फ्लाइंग विंग बांधलंत तर? साध्या सरळ पंखाच्या विंगमध्ये तटस्थ बिंदू २५ टक्क्यांपाशीच राहतो. गुरुत्वमध्य त्याच्या पुढे, १५ ते २० टक्क्यांवर हवा. तिथे एक तृतीयांशाचा नियम पाळणं म्हणजे विमान हमखास पाडणं.

नियमात ‘शेपूट पुरेशी मोठी असेल तर’ एवढे पाच शब्द घातले असते, तर काय बिघडलं असतं? मार्गदर्शिका लिहिणाऱ्याला वाटतं, नवशिक्या गोंधळेल. मला उलटं वाटतं. अट माहीत नसलेला नवशिक्या पहिलं विमान नीट उडवतो आणि दुसऱ्यात, जिथे तो स्वतः काही बदलायला जातो, तिथे फसतो. म्हणजे नियमाची शिक्षा नेमकी जिज्ञासू माणसाला होते. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तुम्ही कुणाची पद्धत जशीच्या तशी उचलता तेव्हा ती चालते. पहिला बदल करता त्या दिवशी तिच्या न लिहिलेल्या अटी जाग्या होतात.

टेबलावरचा थ्रस्ट

मोटर विकणारे थ्रस्टचे तक्ते देतात. ते मोटर स्टँडला बांधून, स्थिर हवेत मोजलेले असतात. विमान मात्र चालत्या हवेत उडतं. वेग वाढतो तसा प्रोपेलरचा थ्रस्ट घटतो, आणि विमान पिचच्या वेगापाशी पोचलं की जवळपास संपतो.

पिचचा वेग काढणं सोपं आहे. १००० केव्हीची मोटर, ११.१ व्होल्टची तीन सेलची बॅटरी, भार आल्यावर फेऱ्या सुमारे ७८ टक्के धरल्या तर मिनिटाला ८,६०० च्या वर. ४.७ इंच पिचचा प्रोपेलर असेल तर वेग येतो सेकंदाला १७ मीटर. आपल्याला ११ वर उडायचं आहे, ठीक आहे. आता त्याच मोटरला मोठ्या व्यासाचा पण ३ इंच पिचचा प्रोपेलर लावा आणि फेऱ्या ७,५०० धरा. टेबलावरचा थ्रस्ट वाढलेला दिसेल, पण पिचचा वेग साडेनऊ मीटर. तक्त्यात जिंकलेली जोडी हवेत ११ मीटरला विमान धड ओढणारही नाही.

इथे चांगल्या कामाचं उदाहरण द्यायला हवं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मायकल सेलिग यांच्या गटानं छोट्या प्रोपेलरच्या विंड टनेलमधल्या चाचण्यांची आकडेवारी सर्वांसाठी खुली ठेवली आहे. तिच्यात थ्रस्ट एकाच आकड्यानं सांगितलेला नाही, वेगानुसार बदलणारी रेघ दिली आहे. मार्टिन सायमन्स यांचं ‘मॉडेल एअरक्राफ्ट एरोडायनॅमिक्स’ हे जुनं पुस्तकही मोठ्या विमानांचे आकडे छोट्या विमानांना सरसकट लावू देत नाही. रेनॉल्ड्स अंकाचा मुद्दा ते नीट मांडतं. (आपल्या विमानाचा रेनॉल्ड्स अंक सव्वा लाखाच्या आसपास येतो. प्रवासी विमानांचा कोटींमध्ये असतो.) म्हणजे नवशिक्याला समजेल अशा भाषेत अटी सांगता येतात. तसं लिहिलं गेलेलं आहे.

फोमबोर्ड नावाची वस्तू

हा आक्षेप आपल्याकडचा. अमेरिकन आराखड्यातला फोमबोर्ड म्हणजे दोन्ही बाजूंना कागद असलेला हलका फोम, चौरस मीटरला साधारण ३०० ग्रॅम. आपल्या स्टेशनरीच्या किंवा साइनबोर्डच्या दुकानात ‘फोमबोर्ड द्या’ म्हटलंत तर बऱ्याचदा सनबोर्ड हातात पडतो. पीव्हीसीच्या ३ मिलिमीटर सनबोर्डचं वजन चौरस मीटरला दीड किलो किंवा जास्त भरतं. पाचपट!

वजन वाढलं की काय होतं? तेच विमान ८०० ऐवजी १,२०० ग्रॅमचं झालं, तर स्टॉलचा वेग ७.४ वरून ९ मीटरवर जातो. आपटताना असणारी ऊर्जा वजन आणि वेगाचा वर्ग दोन्हींमुळे वाढते, म्हणून ती सव्वादोनपट होते. शिकाऊ माणसाला नेमकं हेच नको असतं.

इथे मार्गदर्शिकेचा दोष तिच्या लेखकापेक्षा वाचकाकडे जास्त जातो. लेखकानं स्वतःच्या गावातल्या वस्तूचं नाव लिहिलं, आपण नाव उचललं आणि गुणधर्म तिथेच सोडला. उपाय साधा आहे. दुकानात शीट मापा, तराजूवर ठेवा आणि चौरस मीटरचं वजन काढा. शोधनिबंधातली ‘साहित्य आणि पद्धती’ वाचतानाही हाच प्रश्न विचारा: हे नाव आहे की गुणधर्म?

मोजायचं कसं

मार्गदर्शिका बांधायला शिकवतात, मोजायला फारसं शिकवत नाहीत. शिकवतात तेव्हा बहुतेक हाताने फेकून ग्लाइड मोजायला सांगतात: २ मीटर उंचीवरून सोडा, १२ मीटर गेलं तर गुणोत्तर ६. ऐकायला छान. पण ११ मीटर वेगानं फेकलेल्या विमानातली गतिज ऊर्जा ६ मीटर उंचीइतकी असते. हाताचा वेग १० टक्के जास्त झाला, तर विमानाला सव्वा मीटरहून जास्त उंचीची ऊर्जा फुकट मिळाली. मूळ उंचीच २ मीटर! ही चाचणी गुणोत्तरापेक्षा तुमचा हात जास्त मोजते. विमान नाक खाली घालतंय की वर उचलतंय ते बघायला ती उत्तम आहे, आकड्यासाठी नाही.

त्यापेक्षा हे करा. वारा नसलेल्या सकाळी विमान एकाच उंचीवर, एकाच थ्रॉटलवर १० मिनिटं उडवा. घरी बॅटरी चार्ज करताना चार्जरनं किती मिलिअँपिअर-तास परत भरले ते लिहून घ्या. आपला ३६ वॉटचा अंदाज बरोबर असेल तर ५४० च्या आसपास आकडा यायला हवा. ८०० आला तर अंदाज चुकला, आणि आता तुमच्याकडे शोधायला खरा प्रश्न आहे: ड्रॅग जास्त आहे की कार्यक्षमता कमी? एकट्या चार्जरला हे सांगता येत नाही. प्रोपेलर बदलून, बाकी काही न बदलता, पुन्हा उडवलंत तर थोडं कळेल. पाच उड्डाणं करा, पाचही आकडे लिहा, आवडलेला एक नाही.

सुरुवात करणार असाल तर

पहिलं विमान मार्गदर्शिकेप्रमाणेच बांधा, मोठी शेपूट, सरळ पंख, काहीही न बदलता. वहीच्या डाव्या पानावर तिचा प्रत्येक आकडा लिहा आणि उजव्या पानावर तो कुठल्या अटीवर खरा आहे ते. जिथे उजवं पान कोरं राहील, तिथे दुसऱ्या विमानात हात लावू नका, किंवा फक्त तिथेच लावा आणि मोजा.

दोन गोष्टी ठोकताळा म्हणून नव्हे, तर नियम म्हणून पाळा. टेबलावर मोटरची जोडणी तपासताना प्रोपेलर काढून ठेवा. आणि उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा बघा. ‘ड्रोन नियम, २०२१’ अशा विमानांनाही लागू आहेत. ८०० ग्रॅमचं विमान ‘मायक्रो’ गटात येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच परवानगी लागते आणि ८ ते १२ च्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर. लोहगावमुळे पुण्याचा बराच भाग यात येतो. परदेशी मार्गदर्शिकेत हे कुठून असणार?

पुढच्या लेखात याच वहीच्या उजव्या पानाची पद्धत एका शोधनिबंधाला लावून बघू. तुमच्या विषयात अट गाळून सांगितला जाणारा एखादा आकडा असेल, तर तो आधी हेरून ठेवा.